आम्ही आणि आपण : सामूहिकतावादी परग्रही साम्राज्य कथेत उभे करू पाहणाऱ्या नवोदितांसाठी

विज्ञानकथा लिहायला घेतलेल्या नवोदिताच्या वहीत एखादे परग्रही साम्राज्य हमखास सापडते, आणि ते साम्राज्य बहुतेक वेळा ‘समूह मोठा, व्यक्ती लहान’ अशा तत्त्वावर चाललेले असते. माझ्याही वहीत ते होते. कोल्हापुरात बसून मी अशा एका साम्राज्याची दीर्घकथा तीन वेळा लिहिली. पहिला खर्डा एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी एका ओळीच्या शेऱ्यासह परत पाठवला होता : ‘तुमच्या साम्राज्यात कोणाला भूक लागत नाही आणि कोणी हिशेब विचारत नाही.’ तो शेरा तेव्हा मनाला लागला, पण त्यापुढच्या दोन वर्षांत जे उमगले ते त्याच ओळीचा माग काढताना उमगले. साम्राज्याची विचारसरणी सम्राटाच्या भाषणात शोधणाऱ्या लेखकाच्या हाती फार काही लागत नाही. ती सापडते रोजच्या मापात, रोजच्या वहीत आणि माणसे स्वतःसाठी जी सर्वनामे वापरतात त्यांत. सहकारात मुरलेल्या या जिल्ह्यात राहणाऱ्या लेखकाला तर त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. माझे जे दोन खर्डे वाया गेले ते तुमचे जाऊ नयेत, म्हणून हे टप्पे लिहून ठेवत आहे.

लागणारे साहित्य

एक जाड वही, आणि तीही हिशेबाच्या आखणीची. कोणत्याही सहकारी संस्थेच्या उपविधींची प्रत, जुनी मंडळी ज्यांना पोटनियम म्हणतात ते. घरात कोणी दूध संस्थेचे, पतसंस्थेचे किंवा कारखान्याचे सभासद असतील तर ती सहज मिळते. त्याच संस्थेचा गेल्या वर्षीचा छापील अहवाल. ताऱ्यांच्या अंतरांचे एखादे साधे कोष्टक. समाजशील कीटकांवरचे एखादे चांगले पुस्तक. आणि आपली कथा ऐकून घेईल असा एक तरी माणूस, ज्याने आयुष्यात एकदा तरी भर सभेत उठून प्रश्न विचारला आहे. या शेवटच्या साहित्याला पर्याय नाही.

१. आधी संकट ठरवा

कोणताही समाज सुखात असताना ‘आपण सारे एक’ असे म्हणायला लागत नाही. तुमच्या परग्रहींनी ते कधी आणि कशामुळे म्हटले, हे कथेत सांगायचे नसले तरी तुम्हाला माहीत असले पाहिजे.

या प्रकारातले एक परिचित उदाहरण म्हणजे ‘वॉरहॅमर ४०,०००’ या ब्रिटिश टेबलखेळातले टाऊ साम्राज्य. खेळ १९८७ सालचा असून टाऊ त्यात २००१ साली आले. त्यांच्या तत्त्वाला ते ‘टाऊवा’ म्हणतात. इंग्रजीत त्याला जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘अधिक मोठे हित’ असा होतो. त्या तत्त्वाच्या मुळाशी मोंटाऊ नावाचा, आपसांतल्या कत्तलीचा काळ आहे. फियोटाउन नावाच्या किल्ल्याला वेढा पडलेला असताना काही अनोळखी व्यक्ती येतात, दोन्ही बाजूंना बोलणी करायला बसवतात, आणि तिथून एकत्र राहण्याचा विचार पसरतो, अशी ती दंतकथा आहे. पुढची सारी शिस्त त्या भीतीच्या आठवणीवर उभी आहे, आणि म्हणूनच ती पटते.

आपल्याकडे ही गोष्ट पुराने शिकवली आहे. पंचगंगेचे पाणी वाढू लागले की राजाराम बंधाऱ्यावरची पातळी किती फूट झाली एवढा एकच आकडा शहरभर फिरतो. ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका हे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी त्याच्याही फार वर गेले, तेव्हा तालमींची आणि मंडळांची पोरे कोणी न सांगता पुरात उतरली, आणि अनोळखी घरांत अनोळखी माणसांसाठी भाकरी थापल्या गेल्या. त्या दिवसांत कोणी तत्त्व मांडले नव्हते. तुमच्या परग्रहींनाही असा एक आकडा द्या, जो ऐकताच तिथले मूल खेळ थांबवून आईकडे बघेल. पूर ओसरल्यावरही तो आकडा जे वापरत राहतात, त्यांच्या हाती पुढे सत्ता जाते. तुमची कथा तिथे सुरू होऊ शकते.

२. निरोप किती वर्षांनी पोहोचतो ते मोजा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि मग साम्राज्य एखाद्या तालुक्यासारखे दिसू लागते. सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे ८ मिनिटे २० सेकंद लागतात, आणि सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, सुमारे ४.२४ प्रकाशवर्षे दूर आहे. तिथल्या वसाहतीला राजधानीने प्रश्न विचारला तर उत्तर यायला साडेआठ वर्षे जातील. आपल्याकडच्या सहकारी संस्थेत संचालक मंडळाची मुदत पाच वर्षांची असते. म्हणजे प्रश्न एका मंडळाने विचारायचा आणि उत्तर दुसऱ्या मंडळाने वाचायचे, अशी ही स्थिती आहे.

जिथे हुकूम वेळेवर पोहोचत नाही, तिथे हुकमाची जागा सवयीला घ्यावी लागते. दूरच्या ग्रहावरचा अधिकारी वरून काही न येताही राजधानीला हवा तसाच निर्णय घेतो, तेव्हा त्या साम्राज्यात विचारसरणी आहे असे म्हणता येते. टाऊंची जहाजेही त्यांच्या शत्रूंच्या जहाजांपेक्षा संथ आहेत, त्यामुळे त्यांचे साम्राज्य आटोपशीर राहते आणि टप्प्याटप्प्याने वाढते. तुम्ही प्रकाशापेक्षा वेगवान प्रवास मान्य केला असेल तरी निरोपाला लागणारा काळ वहीत लिहून ठेवा, आणि त्या काळात स्थानिक अधिकारी एकटा काय काय ठरवू शकतो याचा एक प्रसंग लिहा.

३. देह कसला आहे ते ठरवा, पण मुंग्यांवर थांबू नका

‘त्यांची एक राणी आहे आणि बाकी सारे तिचे गुलाम’ ही कल्पना इतकी वापरून झाली आहे की वाचक पुढचे पान न वाचताही सांगू शकतो. खऱ्या कीटकांचे जग याहून कितीतरी गुंतागुंतीचे आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी अनेक दशके अभ्यासलेली रोपालिडिया मार्जिनाटा ही गांधीलमाशी आपल्याच देशातली आहे. तिची राणी अत्यंत शांत असते, कोणावर धावून जात नाही, आणि पोळ्यातली कामे कामकरी माश्या आपसांत नेमून घेतात. राणीला बाजूला केले की काही मिनिटांतच एक कामकरी माशी कमालीची आक्रमक होते, आणि राणी परत आली नाही तर पुढे तीच राणी होऊन हळूहळू शांत होते. सत्तेवर बसलेला सौम्य आणि सत्तेच्या उंबरठ्यावरचा उग्र, हे चित्र तुमच्या साम्राज्याच्या वारसाहक्कासाठी किती उपयोगी आहे ते पाहा.

दुसरे उदाहरण मातीतल्या डिक्टिओस्टेलियम या अमीबांचे. अन्न असते तोवर प्रत्येक पेशी स्वतंत्र जगते. उपासमार सुरू झाली की हजारो पेशी एकत्र येऊन एकच सरपटणारा देह बनतात, आणि शेवटी त्यांतल्या साधारण एक पंचमांश पेशी मरून देठ होतात, म्हणजे उरलेल्यांना बीजाणू होऊन वर, दूर जाता यावे. देठ कोण होणार, हा प्रश्न विचारला की अख्खी कादंबरी समोर उभी राहते. मात्र जीवशास्त्र ठरवून झाले की एक काळजी घ्या : तुमच्या जीवांना समूहाबाहेर विचारच करता येत नसेल तर त्यांना विचारसरणीची गरज उरत नाही. वेगळे वागता येत असूनही जे वागत नाहीत, त्यांच्याबद्दलच कथा लिहिता येते.

४. मापाचे यंत्र कोणाच्या हातात आहे ते दाखवा

या टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ घालवा. माझा दुसरा खर्डा इथेच फसला, आणि तिसरा इथेच सावरला.

करवीर तालुक्यातल्या आमच्या चुलत्यांच्या गावी पहाटे दूध संस्थेत जाऊन बसायला मी सुरुवात केली, ती केवळ साम्राज्यातले अन्नवाटप कसे लिहावे हे कळेना म्हणून. किटल्या घेऊन बाया-माणसे रांगेत उभी असतात. माप होते, बाटलीभर नमुना यंत्राखाली जातो, आणि लाल अक्षरांत फॅटचा, म्हणजे दुधातल्या स्निग्धांशाचा, आकडा उमटतो. एके दिवशी एका वयस्क बाईंनी किटली उचलायच्या आधी विचारले, “भाऊ, काल सात लागलीती, आज सहा दोन कशी?” सेक्रेटरी मान वर न करता म्हणाले, “अक्का, यंत्र दावतंय ते लिवतोय.” अक्का क्षणभर त्या आकड्याकडे बघत राहिल्या. मागून दुसरी बाई हळूच म्हणाली, “माझीबी उतरलीया.” रांगेत कोणी आणखी काही बोलले नाही, पण सगळ्यांनी आपापली कार्डे एकदा उघडून पाहिली.

सामूहिक व्यवस्थेचा सगळा जीव त्या अर्ध्या मिनिटात होता. दर दहा दिवसांचे बिल त्या आकड्यावर ठरते, दिवाळीचा दूध फरक, म्हणजे दराची राहिलेली रक्कम, त्याच नोंदींवर निघतो, आणि यंत्रावरचा विश्वास टिकला तर संस्था टिकते. १९६३ साली जिल्ह्याचा दूध संघ स्थापन झाला तेव्हापासून हजारो घरांचा संसार या विश्वासावर चालला आहे, आणि तो विश्वास आंधळा नाही. ‘माझीबी उतरलीया’ असे म्हणणारे मागे कोणीतरी असते, म्हणून तो डोळस राहतो.

आता तुमच्या साम्राज्यात असे यंत्र शोधा. ‘समूहाच्या हितात’ कोणाचा किती वाटा, हे तिथे कशाने मोजतात? श्रमाचे तास, पाण्याचा थेंब, जन्माला घातलेली मुले, की आणखी काही? ते माप कोण वाचतो, कोणत्या वहीत लिहितो, आणि वही कोणाला पाहायला मिळते? माझ्या दुसऱ्या खर्ड्यात ‘प्रत्येकाला गरजेनुसार मिळत असे’ असे एक वाक्य होते. गरज कोण मोजतो हे मी लिहिलेच नव्हते, आणि त्यामुळे ते साम्राज्य परीकथेतले वाटत होते. हा या प्रकारातला सर्वांत मोठा सापळा आहे. सरळ उपाय सांगते : कथेतल्या कोणत्याही वाटपाच्या वाक्याखाली रेघ मारा, आणि ते वाटप करणाऱ्या हातांचे वर्णन निदान दोन ओळींत करा.

उसाच्या बाजूनेही असाच विचार करता येतो. सभासद असूनही आपल्या उसाला तोड कधी येते याची वाट बघणारा शेतकरी, शेतात येऊन नोंद करणारा चिटबॉय, टोळीचा मुकादम आणि काट्यावरचा माणूस, या साखळीत अधिकाराचे किती लहान लहान थांबे आहेत ते पाहा. साम्राज्ये अशाच थांब्यांवर चालतात.

५. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांचा हिशेब ठेवा

मराठी लेखकाला इथे एक हत्यार आयते मिळाले आहे, आणि ते न वापरणे हा मोठा तोटा आहे. ऐकणाऱ्याला वगळून बोलायचे तर ‘आम्ही’, त्याला धरून बोलायचे तर ‘आपण’. गुजराती, तमिळ, तेलुगू यांत असा भेद आहे. इंग्रजीत नाही, आणि हिंदीतल्या ‘हम’मध्येही नाही. इंग्रजी विज्ञानकथा वाचून त्याच वळणाने लिहिणारे नवोदित परग्रहींच्या तोंडी सरसकट ‘आम्ही’ घालतात, आणि समूहमनाची सारी भीती त्या एका शब्दावर टाकून मोकळे होतात. पण ‘आम्ही’ म्हणणारा परका निदान आपल्याला बाहेर तरी ठेवतो. साम्राज्य पसरते ते ‘आपण’ या शब्दाने.

माझ्या तिसऱ्या खर्ड्यात परग्रही वकील, म्हणजे साम्राज्याचा दूत, पहिल्या भेटीत म्हणतो, “आम्ही तुमच्यासाठी धरण बांधू.” तीस पानांनंतर तोच वकील त्याच गावात उभा राहून म्हणतो, “आपले धरण गळते आहे, आपल्याला माणसे लावावी लागतील.” मधल्या पानांत कोठेही लढाई नाही. गाव साम्राज्यात केव्हा गेले, हे वाचकाने त्या दोन वाक्यांमधून शोधायचे आहे. शिवाय ‘आपण’ हा शब्द आदरार्थी ‘तुम्ही’ म्हणूनही येतो आणि ‘स्वतः’ या अर्थानेही येतो. “आपण उद्यापासून खाणीत जाल” आणि “आपण उद्यापासून खाणीत जाऊ” यांतले अंतर केवळ क्रियापदाच्या शेवटी आहे, आणि वकील ते शेवटचे अक्षर गिळत असेल तर तो प्रसंग भाषेनेच उभा राहतो.

दुसरे हत्यार म्हणजे कर्ता नसलेली वाक्ये. ‘ठरले आहे’, ‘करावे लागेल’, ‘असे चालत नाही’. कोणी ठरवले हे न सांगता ठरल्याचे सांगण्याची सोय आपल्या भाषेत भरपूर आहे. ‘आमचं ठरलंय’ हे शब्द २०१९ च्या निवडणुकीत कोल्हापुरात घरोघरी पोहोचले होते. त्यात ‘आमचं’ आहे, म्हणजे ठरवणारे कोण आणि बाहेरचे कोण हे निदान स्पष्ट आहे. तुमच्या साम्राज्याला त्यातले ‘आमचं’ काढून नुसते ‘ठरलंय’ म्हणू द्या आणि काय होते ते पाहा.

तत्त्वाचे नाव ठरवतानाही हीच दक्षता हवी. ‘बहुजनहित’ म्हटले की उरलेले अल्पजन आपोआप डोळ्यांसमोर येतात आणि त्यांचे काय, हा प्रश्न विचारता येतो. ‘सर्वहित’ म्हटले की विचारायला कोणी शिल्लकच राहत नाही. मला दुसरा शब्द अधिक भीतीदायक वाटतो, म्हणून मी तो घेतला.

६. जन्म आणि काम यांची गाठ तपासा

टाऊ साम्राज्यात लढणारे अग्नी जातीचे, बांधकाम आणि कारागिरी करणारे पृथ्वी जातीचे, व्यापार, कारभार आणि वाटाघाटी करणारे जल जातीचे, जहाजे चालवणारे वायू जातीचे, आणि या चौघांच्या वर मार्गदर्शक अशी पाचवी जात. जातीबाहेर संतती होऊ देत नाहीत. पाश्चात्त्य वाचकाला ही रचना नवलाची वाटत असेल, आपल्याला ती वाटू नये. प्रत्येकाचे काम जन्माने ठरलेले आणि प्रत्येकाचा वाटा खळ्यावर ठरलेला, अशी बलुतेदारी आपल्या गावगाड्यात होती, आणि तिचे वर्णन ‘सगळे गाव एका कुटुंबासारखे’ असे करणारेही होते. ते वर्णन वाड्याच्या ओसरीवरून केलेले असे. गावकुसाबाहेरून ते तसे दिसत नव्हते.

ज्या संस्थानात शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा आदेश काढला, आणि जिथे जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली, तिथे बसून लिहिणाऱ्याने जन्मजात कामाची वाटणी केवळ शोभेसाठी कथेत आणू नये, असे माझे ठाम मत आहे. जाती आणायच्या तर सर्वांत खालच्या पायरीवरच्या पात्राच्या डोळ्यांनी एक पूर्ण प्रकरण लिहा. ‘सर्वहित’ तिथून कसे दिसते हे तुम्हाला आधी कळले नसेल तर त्या प्रकरणात कळेल.

७. ‘नामंजूर’ म्हणणाऱ्याचे काय होते ते ठरवा

वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. एकदा तरी सभासदांबरोबर जाऊन मागच्या रांगेत बसा. विषय वाचला जातो, पुढून ‘मंजूर, मंजूर’ असा गजर होतो, मागून ‘नामंजूर’ येते, माईक ओढला जातो, आणि कधी कधी विरोधक मंडपाबाहेर समांतर सभाच भरवतात. हे सारे गोंगाटाचे दिसले तरी त्यात एक मोलाची गोष्ट आहे : नकार देणारा उद्या पुन्हा त्याच संस्थेत दूध घालायला येतो. शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच असते.

आता महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० यातले सभासदाच्या हकालपट्टीचे कलम वाचा. संस्थेच्या हिताला बाधक कृत्य केलेल्या सभासदाला काढायचे तर त्यासाठी बोलावलेल्या सभेत हजर मतदार सभासदांपैकी तीन चतुर्थांश बहुमत लागते, त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते, आणि निबंधकाच्या मान्यतेशिवाय तो ठराव अमलात येत नाही. समूह आणि एकटा माणूस यांच्यामध्ये कायद्याने तीन दारे बसवली आहेत. तुमच्या साम्राज्यात यांतली किती आहेत? एकही नसेल तर का नाही, आणि ती केव्हा बंद झाली? माझ्या कथेत म्हणणे मांडण्याची संधी शिल्लक होती, पण ऐकणाऱ्यांना आधीच ठाऊक असलेले उत्तर देण्याची सवय लागली होती. त्या एका सभेच्या प्रसंगावर मी चार महिने घालवले.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे बंडखोर नायक आणून त्याला सगळे तत्त्वच खोटे ठरवायला लावणे. टाऊंच्या विश्वातला सेनापती फारसाइट मार्गदर्शकांपासून फुटून आपल्या वेगळ्या वसाहती स्थापतो, पण एकमेकांसाठी जगण्याचा विचार तो टाकून देत नाही. म्हणूनच तो लक्षात राहतो. ज्याला तत्त्व मनापासून हवे आहे आणि म्हणूनच त्याचे कारभारी नको आहेत, असे पात्र लिहायला कठीण असते. तेच लिहा. सहकारावर खरे प्रेम असलेली आणि त्याच कारणाने दर सभेत उठून प्रश्न विचारणारी माणसे प्रत्येक गावात असतात, त्यांच्याशी बोला.

८. वाचून दाखवा, मग पाठवा

खर्डा पूर्ण झाला की साहित्याच्या यादीतल्या त्या शेवटच्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा, आणि त्याने कोठे थांबवले तेवढेच टिपून घ्या. मी वाचत असताना चुलत्यांनी फक्त एकदा हात वर केला. साम्राज्याच्या अन्नकोठारावरचा कारकून दिवसाची नोंद करून वही मिटतो, असे मी लिहिले होते. “त्या वहीवर दुसऱ्याची सही कुठं हाय?” त्यांनी विचारले. ती सही मी नंतर कथेत घातली, आणि ती खोटी निघाली यावर शेवटची वीस पाने लिहिली.

पाठवताना मजकूर युनिकोडमध्ये असावा, परग्रही नावे सर्वत्र एकाच पद्धतीने लिहिलेली असावीत, आणि मापे, अंतरे व वर्षे यांचे एक पानी टिपण स्वतःजवळ ठेवावे, कारण संपादक पहिला प्रश्न त्यातलाच विचारतात. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेने अनेकांना लिहिते केले. त्यांत याच शहरात १९३८ साली जन्मलेले जयंत नारळीकरही होते, आणि त्यांनी आपली पहिली कथा तिथे टोपणनावाने पाठवली होती. स्पर्धांचे नियम आणि मुदती दर वर्षी पाहून घ्या, शब्दमर्यादा पाळा, आणि मूळ प्रत कधीही देऊ नका.